श्रावण दिवाळीपर्यंत नेऊन पाहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

वय ३६. डिचोली तालुक्यातलं गाव, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात बारवर नोकरी. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. पत्नीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष निघाला नाही. गेलं दीड वर्ष संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, कधी येतच नाही. ड्युटी संपल्यावर रोज दोन मोठे पेग, कधी बारवरच्या चौघांबरोबर, कधी घरी; सुट्टीला थोडी जास्त, मोसमात हुर्राक (फेणीच्या आधी निघणारी काजूच्या बोंडांची हलकी दारू). सिगारेट फक्त पिताना. 'दोन घोट पोटात गेले की धीर येतो, न घेता तिच्या जवळ जायची भीती वाटते.' मित्राने दिलेली निळी गोळी दोनदा घेतली. एकदा जमलं, दुसऱ्यांदा गरगरून खाली बसावं लागलं. पत्नी कूस बदलून झोपते आणि यांचं बाहेर काही आहे असा तिला संशय आहे. आई सुनेला आणखी एका डॉक्टरकडे न्यायचं म्हणते. 'श्रावण पूर्ण पाळतो. पहिल्या दोन रात्री झोप येत नाही, मग काही त्रास नाही, म्हणजे व्यसन नाही. गोव्यात कोण पीत नाही? सकाळी कधीकधी ताठरता असते, पण रात्री मी संपलेला असतो. बायकोला न कळता घेता येईल असं ताकदीचं औषध सुचवा. ती तुमचं सदर वाचते, म्हणून नाव छापू नका.'

उत्तर:

सकाळी कधीकधी ताठरता असते हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच, म्हणून तिथूनच सुरुवात करते. निरोगी पुरुषाला झोपेत, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जाणवते ती त्यातली शेवटची. ती अजून येते याचा अर्थ रक्तवाहिन्या, मज्जातंतू, संप्रेरकं यांचं काम चालू आहे. तुम्ही संपलेले नाही. पण त्या वाक्यातला 'कधीकधी' मला खटकला. लग्न झालं त्या वर्षी ती रोज यायची का? आठवून बघा. कमी होत गेली असेल तर शरीर कुरकुरू लागलं आहे आणि ते ऐकायची हीच वेळ आहे.

आता तुमच्या 'दोन पेग'कडे येते. तुम्ही बारवर उभे राहता. गिऱ्हाइकाला पेग देताना तुमच्या हातात स्टीलचं माप असतं, एका बाजूला ३० मिलि, दुसऱ्या बाजूला ६०. थेंब इकडे-तिकडे झाला तर मॅनेजर विचारतो. आणि रात्री एक वाजता घरच्या ओट्यावर, बायको जागी होऊ नये म्हणून दिवा न लावता तुम्ही स्वतःसाठी ओतता, तेव्हा माप कुठे असतं? एकदा एवढं करा. रोजच्या ग्लासात रोजच्यासारखी ओता आणि पाणी घालायच्या आधी मापाने मोजा. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांतल्या नवऱ्यांकडून मी हे टेबलावर करून घेते, ग्लासात साधं पाणी असतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं रेघा असलेलं झाकण माझ्या खणात त्यासाठीच ठेवलेलं आहे. साठ म्हणून ओतलेलं बहुतेक वेळा नव्वदच्या आसपास भरतं. कुणी खोटं बोलत नसतो, डोळाच तसा सरावलेला असतो.

नव्वदचे दोन म्हणजे १८० मिलि, एक क्वार्टर. ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलित साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. रोजचे. हुर्राक हलकी म्हणून आपण ती हिशेबात धरतच नाही, पण तिचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास धरलं तरी ७५० मिलिच्या एका बाटलीत जवळजवळ ९० ग्रॅम अल्कोहोल जातं. लिंबाच्या सोड्यात मीठ-मिरची घालून ती सरबतासारखी उतरते आणि एप्रिलच्या उकाड्यात दोघांत दोन बाटल्या कधी संपतात कळत नाही. 'फक्त बियर घेतो' म्हणणाऱ्यांसाठीही सांगून टाकते: ६५० मिलिची एक स्ट्राँग बियर म्हणजे जवळपास चार लहान पेग.

फेणीवर माझा राग नाही. माझं आजोळ वाळपईकडचं, काजूच्या बागेतलं. बोंडांचा वास हाताला लागलेला आणि ताजा नीरो, म्हणजे बोंडांचा रस, ओंजळीने प्यायलेला, असे माझे लहानपणचे मे महिने गेले. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही अभिमान वाटला. सर्दीला घोटभर, गुडघ्याला चोळायला, बाळंतिणीच्या खोलीत एक बाटली, अशी ती आपल्या घरांत औषधाच्या कपाटात बसलेली आहे. त्यामुळे 'फेणी नैसर्गिक, तिचा त्रास नाही' हे वाक्य मी दवाखान्यात फार ऐकते. यकृताला मात्र ती बोंडांची की माल्टची हे कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते अल्कोहोल, आणि ते सगळीकडे एकच असतं.

'धीर येतो' हे तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पहिल्या घोटांनी संकोच सैल होतो, मनातली धास्ती खाली बसते. पण ताठरता हा धिटाईचा खेळ नाही. मेंदूतून निघालेला निरोप मज्जातंतूंवरून खाली पोचावा लागतो. तिथे नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात, रक्त आत शिरतं आणि आतल्या दाबाने परतीच्या वाटा मिटतात, तेव्हा ताठरता टिकते. दारू मेंदूलाच मंद करते, त्यामुळे निरोप अर्धवट निघतो आणि उशिरा पोचतो. धास्ती ज्या घोटाने गेली, त्याच घोटाने निरोपही अडवला. एकदा फसलं की पुढच्या वेळी धास्ती दुप्पट, म्हणून घोट दुप्पट, म्हणून पुन्हा फसणं. तुमचं दीड वर्ष या रहाटगाडग्यात गेलं आहे असं मला पत्र वाचून वाटतं. काही पुरुष उलट कारणाने पितात, वीर्य लवकर जाऊ नये म्हणून. दारूने ते लांबतं हे खरं. मग हळूहळू ते इतकं लांबतं की दोघंही दमून जातात आणि कुणालाच काही मिळत नाही.

वर्षानुवर्षं रोज घेतल्यावर आणखीही काही होतं. वृषणात टेस्टोस्टेरॉन कमी बनतं, झोप तुटक होते आणि मज्जातंतू झिजतात. यकृत पार बिघडलं तर पुरुषाची छाती वाढते आणि अंगावरचे केस विरळ होतात. तुम्ही त्या टोकाला नाही. सणासुदीला एखादा पेग घेणाऱ्याला हे सगळं होतं असंही मी म्हणणार नाही. तुमचं प्रमाण मात्र सणासुदीचं नाही.

'गोव्यात कोण पीत नाही?' हा प्रश्न तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या सगळ्या युक्तिवादाचा खांब तो आहे, म्हणून त्याला हात घालते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या १५ वर्षांवरच्या १०० पुरुषांपैकी सुमारे ३७ जणांनी आपण दारू पितो असं सांगितलं. देशाचा आकडा १९च्या आसपास, म्हणजे आपला दुप्पट. पण उरलेले ६३ पुरुषही याच गोव्यात राहतात, जत्रेला जातात, चतुर्थीला पत्ते खेळतात. तुम्ही दिवसाचे दहा तास ज्या काउंटरमागे उभे असता, तिथे न पिणारा माणूस येतच नाही. ड्युटीनंतर बसणारे चौघेही त्याच काउंटरमागचे. म्हणून सगळा गोवा पितो असं तुम्हाला वाटतं.

आता मुलाबद्दल. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, राग मानू नका.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझ्या दवाखान्याबाहेर एक लांब बाक आहे. मूल होत नाही म्हणून आलेल्या बायका त्यावर बसतात, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फुगलेली फाईल. बरोबर सासू, नाहीतर आई, नाहीतर वहिनी. नवरा बहुधा गेटबाहेर स्कूटरवर बसलेला असतो किंवा 'कामाला गेलाय'. फाईल उघडावी तर थायरॉइड आहे, सोनोग्राफ्या आहेत, गर्भनलिकेचा एक्स-रे आहे. तो काढताना बाईला काय कळा येतात हे मी दर आठवड्याला बघते. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? तो कागदच नसतो. विचारलं की सासू म्हणते, 'त्याला काय होणार आहे?'

तुमच्या पत्रात 'पत्नीच्या सगळ्या तपासण्या झाल्या' हे आहे. तुमची एकही झाल्याचं नाही. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. तुमची तपासणी म्हणजे दोन ते सात दिवस वीर्यपात टाळायचा आणि प्रयोगशाळेत जाऊन नमुना द्यायचा. ना सुई, ना भूल. पाच वर्षं एका माणसाने सगळ्या कळा सोसल्या आणि दुसऱ्याने एक डबी भरून दिली नाही, हे तुमच्या मनात कधी आलं नसेल तर आज येऊ दे. आई सुनेला आणखी एका डॉक्टरकडे न्यायचं म्हणते ना? तिला सांगा, या वेळी मी जातो. कदाचित तिने देवळात कौलही लावला असेल. तिच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण सुनेला नव्या खुर्चीत नेऊन बसवणं आता थांबवा.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. ताठरता आणि वीर्य ही दोन वेगळी खाती आहेत. ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषाचं वीर्य उत्तम असू शकतं आणि कसलीच तक्रार नसलेल्याचे शुक्रजंतू कमी निघू शकतात. जास्त दारू दोन्ही खात्यांतून काढते. शुक्रजंतूंची संख्या, त्यांची हालचाल आणि आकार यांवर तिचा परिणाम होतो, सिगारेट त्यात भर घालते. आणि एक साधी गोष्ट: ताठरता टिकत नाही म्हणून महिन्यातल्या योग्य दिवसांत संबंधच येत नसेल, तर पत्नीच्या कितीही तपासण्या केल्या तरी त्यांत हे कारण कसं सापडणार? त्या डॉक्टरांना तुम्ही दोघांनी हे सांगितलं आहे का? पत्नी एकटी जात असेल तर ती ते कुठल्या तोंडाने सांगेल?

पत्नीच्या कूस बदलण्याचा अर्थ तुम्ही लावलात की तिला माझ्यात रस उरला नाही. तिने तुमच्या टाळण्याचा अर्थ लावला की याचं बाहेर आहे. एकाच पलंगावर दोघं आपापल्या अंदाजावर झोपता. रात्री एकला नवरा येतो, तोंडाला दारू-सिगारेटचा वास, अर्ध्या झोपेत जवळ ओढतो, मग मध्येच काहीतरी बिनसतं आणि न बोलता पाठ फिरवतो. सकाळी कुणी काही बोलत नाही. पत्नीच्या जागी मी असते तर मीही कूस बदलली असती. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं समजून रडलेही असते. बायका माझ्यासमोर बसून हेच रडतात, नवऱ्याच्या ताठरतेबद्दल एक शब्द न बोलता.

म्हणून 'बायकोला न कळता' ही अट मी मान्य करू शकत नाही. ती हे सदर वाचते असं तुम्ही लिहिलंत. म्हणून हे उत्तर छापायच्या आधी मी तुम्हाला पाठवलं आहे आणि दोन रविवार थांबणार आहे. तिला ते छापील पानावर ओळखू येण्याआधी तुमच्या तोंडून कळावं. रात्री नको, पलंगावर नको. सुट्टीच्या दिवशी, न पिता, चहा घेताना किंवा गाडीवरून कुठे जाताना बोला. नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा असं बोलणं सोपं जातं. भाषण तयार करू नका. 'बाहेर कुणी नाही. मला जमत नाही म्हणून मी तुला टाळतो. तुझ्यात काही कमी नाही. मी तपासून घेणार आहे, तू बरोबर येशील?' एवढं पुरे. ती चिडेल, रडेल, कदाचित 'इतके दिवस का नाही सांगितलंस' म्हणेल. ऐकून घ्या. लगेच मिठीची अपेक्षा ठेवू नका, पाच वर्षांचं साचलेलं आहे.

गोळीबद्दल. मित्राने दिलेली ती निळी गोळी बहुधा सिल्डेनाफिल. औषध वाईट नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली कितीतरी पुरुषांना तिचा उपयोग होतो. पण ती रक्तवाहिन्या सैल करते, दारूही करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम खाली येतो. तुम्ही गरगरून बसलात ते यामुळेच असावं. नशीब, तेव्हा गाडीवर नव्हतात. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांनी ही गोळी घेतली तर जिवावर बेतू शकतं. पन्नाशीच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या 'संपूर्ण आयुर्वेदिक' कॅप्सूलमध्ये हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि किती ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. तेव्हा ताकदीचं औषध सुचवा म्हणालात, तर मी ते सुचवत नाही. लागलीच तर तपासण्यांनंतर, तुमचा रक्तदाब बघून, डॉक्टर ती लिहून देतील.

तपासण्या का, तेही सांगते. सगळं खापर दारूवर फोडून मी मोकळी झाले तर तो निष्काळजीपणा ठरेल. ताठरता जाण्यामागे मधुमेह असू शकतो, रक्तदाब असू शकतो, त्यांच्या काही गोळ्या असू शकतात, संप्रेरकांची कमतरता असू शकते. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचू लागली की बारीक नळी आधी अडते. हृदयविकाराची चाहूल कधीकधी दोन-तीन वर्षं आधी इथे लागते. छत्तिसाव्या वर्षी तसं काही असेलच असं नाही, पण उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, यकृताची चाचणी आणि सकाळी दहाच्या आत घेतलेलं टेस्टोस्टेरॉन एवढं करून घ्या. वीर्यतपासणी त्याच सकाळी. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात, गेलात तर खिशाला तोशीस नाही. मूल होत नाही यावरचे पुढचे उपचारही, अगदी टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत, २०२३ पासून तिथे मोफत होतात.

आता दारूचं काय करायचं. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. आहे तसं चालू ठेवून गोळीवर भागवणं, ही तुम्ही दोनदा करून बघितलीत. दुसरी, कमी करणं: रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, मापाने मोजून. ही वाट चांगली आहे आणि काहींना जमतेही, पण ड्युटी बारवर असताना रोज रात्री 'आज की उद्या' असा वाद स्वतःशी घालावा लागेल. मला तुमच्यासाठी तिसरी बरी वाटते, आणि तिची किल्ली तुमच्याच पत्रात आहे.

तुम्ही श्रावण पाळता. पूर्ण महिना, दरवर्षी. व्यसन नाही याचा पुरावा म्हणून तुम्ही ते लिहिलं. पुरावा म्हणून तो अपुरा आहे; श्रावण संपला त्या संध्याकाळी कुठे होतात हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण बळ म्हणून तो मोठा आहे. पहिल्या दोन रात्री झोप येत नाही, तिसऱ्या दिवसापासून ठीक, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणजे बंद करता येतं आणि शरीर ते सोसतं. कुणी आग्रह केला की 'श्रावण आहे' एवढं म्हटलं की ग्लास मागे जातो. आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याही कारणाला एवढा मान नाही.

अडचण अशी की एक महिना पुरत नाही. वृषणात एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे नळ्यांतून पिकून बाहेर यायला आणखी काही दिवस. धरून चला तीन महिने. श्रावणात बनू लागलेले शुक्रजंतू भाद्रपद उलटल्यावर कुठे कामाला येणार, आणि तुम्ही तर श्रावण संपताच ग्लास भरता. दर वर्षी पेरणी करून रोपं वर यायच्या आत शेतात गुरं सोडावीत तसं होतं. श्रावण, भाद्रपद, आश्विन मोजा. दिवाळीची अमावास्या येते तेव्हा जवळजवळ नव्वद दिवस भरतात. हा हिशेब मी माझ्या कित्येक जोडप्यांना भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून दाखवला आहे. तारखांपेक्षा तो लवकर पटतो.

आता आषाढ चालू आहे. थांबायचं कारण नाही, आजही सुरुवात करू शकता, पण श्रावणाचा आधार हवा असेल तर तसं करा. फक्त 'शेवटची' म्हणून गटारीला दुप्पट भरून घेऊ नका. श्रावण तुम्हाला जमतो, त्यामुळे खरी कसोटी चतुर्थीला. रात्री पत्त्यांचा डाव बसेल, चुलतभाऊ बाटली काढेल, तेव्हा म्हणायला एक वाक्य हाताशी हवं. 'मुलासाठी औषध चालू आहे, डॉक्टरने दिवाळीपर्यंत बंद केलीय' असं म्हणा. खोटं नाही, डॉक्टर मीच. दुसरी कसोटी ऑक्टोबरात, सीझन सुरू होऊन ड्युट्या लांबतील तेव्हा. ड्युटी संपल्यावर पोट रिकामं असतं, जीव थकलेला असतो, आणि तोच अर्धा तास घात करतो. निघायच्या आधी कँटीनमध्येच जेवून घ्या. चौघांबरोबर बसायचं टाळता येत नसेल तर पहिला महिना सरळ गाडीला किक मारा. डिचोलीपर्यंतच्या त्या अंधाऱ्या रस्त्यावर तुम्ही रोज दोन पेग घेऊन गाडी चालवत असाल, तर ही काळजी वेगळीच. शक्य झालं तर वर्षभरासाठी रूम सर्व्हिस किंवा रेस्टॉरंटला बदली मागून बघा. हे सोपं नाही, टिपमध्ये फरक पडेल, पण मागून बघा.

या नव्वद दिवसांतले पहिले तीन आठवडे संभोग करायचाच नाही असं दोघांनी मिळून ठरवा. उलटं वाटेल, पण लैंगिक उपचारांत ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. जवळ झोपा, पाठ चोळा, केसांतून हात फिरवा, पण पुढचं बंद. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास व्हायची भीती उरत नाही आणि शरीर आपसूक जागं होऊ लागतं. त्यानंतरही रात्री एकची वेळ सोडा. तुमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, झोप झालेली, तोंडाला वास नाही, टेस्टोस्टेरॉनही त्या वेळी वर असतं. न पिता पहिल्यांदा जवळ जाल तेव्हा भीती वाटेलच, तशी ती पत्नीलाही वाटत असेल. तिला तसं सांगून टाका.

एकट्याने निभत नाही असं वाटलं तर बोलायला माणसं आहेत. 'संगाथ' या आपल्या गोव्यातल्याच संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिरेकी पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा अशा बैठका झालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुषांनी आधीच्या १४ दिवसांत थेंबही घेतला नव्हता. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण १८ टक्के होतं. हे २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तरीही निम्म्याहून अधिक जण पीतच होते, म्हणून मी याला जादू म्हणत नाही. पण चार वेळा नीट कुणाशी बोलण्याने एवढा फरक पडतो. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर कधीही, फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे.

इथे इतर वाचकांसाठी थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. पत्रलेखकाला श्रावणात त्रास होत नाही, म्हणून मी त्यांना एकदम बंद करायला सांगते आहे. सकाळी उठल्यावर ज्यांचे हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय ज्यांना दाढी करता येत नाही, पूर्वी बंद केल्यावर ज्यांना आकडी आली किंवा भास झाले, त्यांनी माझं वाचून घरच्या घरी सोडू नये. अशा माणसाने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जीव धोक्यात येऊ शकतो. त्यांनी बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात, नाहीतर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन औषधांच्या आधाराने सोडावी. आणि घरातल्या बायकांनो, नवऱ्याच्या डाळीत लपवून 'दारू सोडवायची पावडर' घालू नका. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि वरून त्याने प्यायली तर छाती धडधडून तो कोसळू शकतो.

तुमच्याकडे परत येते. नव्वद दिवसांनी सगळं पूर्ववत होईल असं वचन मी देऊ शकत नाही. तुमच्या वयाच्या आणि तुमच्याइतकं पिणाऱ्या बऱ्याच पुरुषांत फरक पडलेला मी पाहिला आहे, काहींत नाही पडला आणि मग आम्ही पुढचे उपाय केले. पहिल्या पंधरवड्यात चिडचिड होईल, झोप मोडेल. त्या दिवसांत काही जमलं नाही तर निकाल लावून मोकळे होऊ नका. पहाटेची ताठरता किती वेळा आली ते कॅलेंडरवर बारीक टिंब काढून ठेवा. ते टिंब काय आहे हे पत्नीला माहीत असलं तर उत्तमच.

पहिली वीर्यतपासणी श्रावण लागण्याआधी करा, म्हणजे मागे तुलना करायला आकडे राहतील. तो रिपोर्ट हाती आल्यावर घाबरून इंटरनेटवर शोधत बसू नका. दुसरी तपासणी भाऊबीज झाल्यावर, त्याच प्रयोगशाळेत. आणि दोन्ही रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा फाईल तुमच्या हातात असू द्या.